शिबिरात गेलेला आज्जा कसा शोधावा

'आज्जा बार्शीकडच्या शिबिरात होता.' आमच्या घरात एवढं एकच वाक्य चालत आलं होतं. गाव परांडा तालुक्यातलं, निजामाच्या राज्यातलं. पलीकडची बार्शी मुंबई इलाख्यात. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या स्वयंसेवकांची शिबिरं अशीच हद्दीबाहेर, उमरखेडपासून सोलापूरपर्यंत. तुमच्याही घरात असं वाक्य असेल, तर ते पुढं कसं न्यायचं ते सांगतो.

पराक्रम विचारू नका. पराक्रम विचारला की म्हातारी माणसं दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, ऐकलेलं भाषणच परत म्हणून दाखवतात. भाकरी कोण पोचवायचं, रात्री निजायचे कुठं, पायात काय होतं, हे विचारा. मी आज्जीला भाकरीचं विचारलं आणि ती दोन तास बोलली. कडब्याच्या गंजीत लपवलेली भरमार (नळीच्या तोंडातून दारू ठासायची) बंदूक मला तिथंच कळली.

काम काय केलं हे विचारताना शिंदीच्या झाडांचं आणि करोडगिरी (जकात) नाक्याचं नाव काढा. शिंदी तोडली की निजामाचं आबकारीचं उत्पन्न बुडायचं, नाका जाळला की जकातीचं. लोकांना ही कामं बंदुकीपेक्षा जास्त आठवतात. नांदेडकडचं घर असेल तर उमरीची बँक विचारा. ती स्वयंसेवकांनी लुटली ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजी गेले त्याच दिवशी, त्यामुळं तारीख चुकत नाही.

एरवी तारखा सणावरून काढायच्या. १९४८ चा पोळा झाला आणि दहाएक दिवसांत, ऐन गणपतीत, भारताच्या फौजा आत शिरल्या. १३ सप्टेंबरला सुरू झालेली ही पोलीस ॲक्शन १७ ला संपली. 'पोळ्याला आज्जा घरी नव्हता' हे वाक्य म्हणून मोलाचं. जुन्या कागदावर १३५७ असं साल दिसलं तर दचकू नका. ते फसली, निजामाच्या कारभारातलं साल. त्यात ५९० मिळवा, १९४७ येतं. पण वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं, म्हणून त्यातले बरेच महिने १९४८ मध्ये पडतात. रक्कम असेल तर हाली (निजामाचा रुपया) का कलदार (इंग्रजांचा) तेही बघा, सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार.

कागद उर्दूत असतील तर घाईत लिहिलेलं अक्षर वाचणारा जुना माणूस गाठा. मला तो आमच्याच गल्लीत, मशिदीमागं भेटला. चहा पिताना त्यानं ॲक्शननंतर त्याच्या घरावर काय गुदरलं तेही सांगितलं. ते मी त्याच वहीत उतरवलंय, वेगळ्या वहीत नाही.

आज्जाच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या फायलीसाठी एका कचेरीत मी सहा महिने खेटे घातले. शेवटी शिबिरप्रमुखाच्या दाखल्याची कार्बन कॉपी घरच्याच पत्र्याच्या पेटीत, सुतळीच्या गुंडाळ्याखाली निघाली. आधी पेटी बघा, मग कचेरी. आणि दाखला मिळाला म्हणून लगेच खरा धरू नका. एकच माणूस एकाच महिन्यात दोन शिबिरांत दिसतो, असंही असतं.

फोनवर रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा. मी ठेवला नव्हता. आज्जी भाकऱ्या किती ते सांगते, तिथं नुसती घरघर आहे. वीस का बावीस, अजून कळत नाही.