जुनी बेस गिटार घेताना आधी नेक तपासा
कोल्हापुरात एखाद्या ऑर्केस्ट्राने वर्षानुवर्षे वापरलेली इलेक्ट्रिक बेस गिटार विकत घेताना रंगाचे पोपडे आणि ओरखडे यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे, पण नेक, म्हणजे गिटारची लांब मान, मात्र बारकाईने पाहावी. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट असावी. फट जास्त असल्यास ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या धातूच्या सळईचा, नट अजून आवळता येतो का, हे विक्रेत्यासमोरच पाहावे. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नट एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि तारा पुन्हा सुरात लावून फट पाहावी. इथल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, म्हणून जुलैत केलेली जुळणी दिवाळीनंतर पुन्हा तपासावी लागते. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना येणारी खरखर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेच्या जोडण्या साफ करणाऱ्या फवाऱ्याने) जाते. मूळ पिकअप, म्हणजे तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे भाग, चालू असतील, तर ते बदलू नयेत. जुन्या गिटारची किंमत बरीचशी त्यांच्यावरच ठरते.