भाड्याची अख्खी बिल्डिंग घेताय? आधी भाडं खरं किती ते काढा

पिंपरी-चिंचवडमध्ये थेरगाव, रहाटणी, वाकड साईडला दोन-तीन गुंठ्यांवर उभ्या असलेल्या बिल्डिंगी बघितल्या असतील, खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर तीन-तीन वन आरके, गच्चीवर टाक्या. मालकाचं वय झालं की मुलं विकायला काढतात आणि मग एजंट लोकांचं सुरू होतं, "घ्या साहेब, भाड्यातूनच हप्ता निघतो". हे वाक्य ऐकून लोक आयुष्याची पुंजी घालतात म्हणून हे लिहितोय. मी अशा तीन बिल्डिंगी घेतल्यात, सोडून दिल्या त्या कितीतरी जास्त.

कागद आधी वकिलाकडे द्या. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए (जमीन बिनशेती केल्याचा कागद), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग वापरायला दिलेली परवानगी), तीस वर्षांचा सर्च (मालकी आणि बोजाच्या जुन्या नोंदींचा शोध). गुंठेवारीतली (म्हणजे परवानगीशिवाय गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची) असेल तर नियमित केल्याचा कागद हातात पाहिजे, "फाईल टाकलीये, होऊन जाईल" म्हणाले तर उठून या. (मुंबईतल्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या, चाळींना यातलं काही लावू नका, तिथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं, तो हिशोबच वेगळा.)

आता भाडं. इथे मी पहिल्या वेळी फसलो म्हणून सविस्तर सांगतो. मालकाने वहीत लिहिलेली यादी दाखवली, बारा खोल्या, सगळ्या भरलेल्या, आणि मी ती खरी धरली. ताबा घेतल्यावर दोन महिन्यांत चार खोल्या रिकाम्या झाल्या, ते सगळे मालकाचे नातेवाईक होते, व्यवहार होईपर्यंत आणून बसवलेले. आणि आणखी दोघांनी हेवी डिपॉझिट दिलेलं होतं, म्हणजे चार-चार लाख एकदम देऊन महिन्याचं भाडं जवळपास नाहीच, ते पैसे मालकाने कधीच खर्च करून टाकलेले आणि परत द्यायची वेळ आली माझ्यावर. त्या वर्षी घरात फार ओढाताण झाली.

त्यामुळे वही बघूच नका. प्रत्येक खोलीचा रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे ठराविक मुदतीचा भाडेकरार) मागा, त्यात भाडं आणि डिपॉझिट दोन्ही लिहिलेलं असतं. मालकाचं बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा, "कॅशमध्ये येतं" असं सांगितलेलं भाडं मी शून्य धरतो कारण बँकही तेच करते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक खोलीच्या महावितरणच्या मीटरचं बिल बघा, त्यावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. सहा महिने दोन-तीन युनिट जळाले असतील तर त्या खोलीत माणूस राहत नव्हता, मग करार काहीही म्हणू दे. संध्याकाळी आठनंतर एकटे जाऊन भाडेकरूंशी बोला, किती देता, पाणी किती वेळ येतं, टँकर कधी लागतो. मालकाला सोबत नेऊ नका.

मग खर्च. समजा बिल्डिंग २ कोटींची, बारा खोल्या, प्रत्येकी ११,००० भाडं. वर्षाचे १५ लाख ८४ हजार, एजंट म्हणतो जवळपास ८ टक्के सुटतात. खोली वर्षाला सरासरी एक महिना रिकामी राहते हे धरा, राहिले १४ लाख ५२ हजार. त्यातून मिळकत कर, जिन्याची-पंपाची लाईट, टँकर, सफाई आणि राखणदार, विमा, भाडेकरू आणणाऱ्याचं कमिशन आणि प्लंबिंग-रंग-वॉटरप्रूफिंग. मी साडेपाच लाख धरतो, माझ्या बिल्डिंगींच्या अनुभवावरून, आणि गच्ची गळायला लागली त्या वर्षी तेही पुरले नाहीत. हातात उरले ९ लाख २ हजार. महापालिका हद्दीत ७ टक्के स्टॅम्प ड्युटी धरली तर तुमचे गेले २ कोटी १४ लाख. म्हणजे ८ नाही, ४.२ टक्के.

आता लोन. अख्ख्या भाड्याच्या बिल्डिंगीला साधं होम लोन मिळेल असं धरून चालू नका, बहुतेक वेळा मॉर्गेज लोनच्या (मालमत्ता तारण ठेवून मिळणाऱ्या, जास्त व्याजाच्या कर्जाच्या) दराने घ्यावं लागतं. ९.५ टक्के, १५ वर्षं धरलं तर लाखाला महिन्याला साधारण १,०४४ हप्ता. बँक १ कोटी २० लाख द्यायला तयार होते, कारण ती तुमचा पगार आणि इन्कम टॅक्स रिटर्न बघते, तुम्ही खूश होता, आणि वर्षाचा हप्ता होतो १५ लाख. उत्पन्न ९ लाख. उरलेले ६ लाख दर वर्षी पगारातून भरायचे. म्हणून उलटीकडून या, हातात उरणारं उत्पन्न हप्त्याच्या किमान सव्वापट पाहिजे, तेव्हा हप्ता महिन्याला ६०,००० च्या आत आणि लोन साधारण साडेसत्तावन्न लाख, बस. बाकीचे पैसे स्वतःचे नसतील तर किंमत पाडून मागा नाहीतर सोडा. आणि ४.२ टक्के कमवायला ९.५ टक्क्यांनी पैसे उचलतोय हे विसरू नका, जागेची किंमत वाढेल या भरवशावर घ्यायचं असेल तर घ्या, पण मग "भाड्यातून हप्ता" असं घरच्यांना सांगू नका.

जमलं तर बाकीचं सोपं. भाडेकरूंची सगळी डिपॉझिटं बेरीज करून व्यवहाराच्या रकमेतून वळती करा आणि ते खरेदीखतात लिहून घ्या. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याचा आयकर) तुम्हीच त्याच्या पैशांतून कापून भरायचा, विकणारा परदेशात राहत असेल तर दर वेगळा, सीएला विचारा. ताबा मिळाला की त्याच आठवड्यात सगळे करार तुमच्या नावाने नव्याने रजिस्टर करा आणि भाडं फक्त बँकेत घ्या, पुढच्या लोनला तेच स्टेटमेंट लागतं.