इथिओपियन हॉटेलात शाकाहारी जेवायचं तर

वॉशिंग्टन डीसी किंवा सिल्व्हर स्प्रिंगकडे राहत असाल तर इथिओपियन हॉटेल जवळपास सापडतंच. शाकाहारींनी मेन्यू चाळत बसू नये. सरळ ‘बेयायनेतू’ (थोडं थोडं सगळं असलेलं मिश्र ताट) मागवावं आणि ते ‘त्सोम’चं, म्हणजे उपासाचं आहे ना, एवढं विचारून घ्यावं. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी-शुक्रवारी मांस, दूध, लोणी वर्ज्य करतात, त्यामुळे हे ताट तेलातलंच. (साबुदाणा मात्र शोधू नका!) परातभर पसरलेल्या इंजेरावर, म्हणजे आंबूस, जाळीदार, घावनासारख्या पोळीवर, लाल मसुरीचं तिखट मिसिर वोट, पालेभाजी आणि शिरो येतो; शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच. वेगळी गुंडाळून दिलेली इंजेरा उजव्या हाताने तोडत खा, खालची शेवटी, रस मुरल्यावर. गहू चालत नसेल तर इंजेरा निव्वळ टेफची (हे इथिओपियातलं बारीक धान्य) आहे का विचारा; अमेरिकेत बऱ्याचदा गव्हाचं किंवा दुसरं पीठ मिसळलेलं असतं.