स्टॉपरची मॅच कशी बघायची: मियामोतो समोर ठेवून

मी फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावपटूच्या जागी खेळायचे. उंची जेमतेम, पळणं बेताचं. 'तुला मागे ठेवलंय कुणी?' हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी शेवटी मीच आधी म्हणून टाकायचे. त्या काळात कुणीतरी त्सुनेयासु मियामोतोचं नाव सांगितलं. जपानचा हा स्टॉपर १७६ सेंटिमीटरचा, म्हणजे त्या जागेसाठी बुटकाच, आणि वेगासाठीही त्याचं नाव कुणी घेत नसे. तरी जपानकडून ७१ सामने खेळला, २००४ चा आशिया कप आणि २००६ चा वर्ल्ड कप कर्णधार म्हणून खेळला. मी उत्साहाने त्याच्या क्लिपा शोधल्या आणि दहा मिनिटांत कंटाळले. गोल नाहीत, घसरून केलेले टॅकल फारसे नाहीत. तो करतो काय, तेच कळेना.

चूक माझी होती, मी बॉल बघत होते. स्टॉपरचं निम्मं काम बॉल यायच्या आधीच उरकलेलं असतं. तेव्हा पहिलं काम हे, की क्लिपा सोडा आणि पूर्ण मॅच मिळवा. सुरुवात ९ जून २००२, योकोहामा, जपान विरुद्ध रशिया, याच मॅचपासून करा. कारण अगदी व्यवहारी आहे. वर्ल्ड कपच्या तोंडावर सराव सामन्यात मियामोतोचं नाक मोडलं होतं, त्यामुळे तो काळा मुखवटा घालून खेळला. लोक त्याला बॅटमॅन म्हणायला लागले. जुन्या धुरकट रेकॉर्डिंगमध्ये १७ नंबर वाचता येत नाही, पण काळा मुखवटा लगेच सापडतो.

त्याच्या उजवीकडे नाओकी मात्सुदा, डावीकडे कोजी नाकाता. प्रशिक्षक फिलिप त्रुसिए या तिघांना एका सरळ रेषेत उभे करायचे. मागे सांभाळायला कुणी नाही. रेषा पुढे सरकवायची, समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवायचं, म्हणजे पास सुटताना तो आपल्या रेषेच्या मागे उरला की रेफरी त्याचा खेळ थांबवतात. ऐकायला सोपं आहे. मी एकदा आमच्या टीममध्ये करून बघितलं. मी पुढे आले आणि हात वर करून उभी राहिले, माझी जोडीदार दोन पावलं मागेच. गोल झाला तेव्हा माझा हात अजून वरच होता.

आता बघायची पद्धत. आवाज बंद करा, कारण कॉमेंटेटर तुम्हाला पुन्हा बॉलकडे ओढतो. एका वेळी वीसच मिनिटं बघा. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो, त्यामुळे तिघांची रेषा फार कमी वेळा पूर्ण दिसते. ती दिसण्याची हमखास वेळ म्हणजे जपानने कॉर्नर परतवल्यानंतरचे तीन-चार सेकंद. बॉल गोलसमोरच्या पेनल्टी पेटीबाहेर गेला रे गेला, की मुखवटेवाला हात हलवत पुढे सुटतो का, आणि बाकीचे त्याच्याबरोबर निघतात की त्याला बघून, एवढंच तपासा.

मग मॅच थांबवत थांबवत बघा. रशियाचा कुणी लांब पास द्यायला पाय मागे घेतो, नेमकं तिथे पॉज. बॉलवाल्यावर कुणी चालून गेलंय का? त्याची पाठ आपल्याकडे असेल किंवा बॉल मागे खेळला असेल, तर रेषा पुढे यायला हवी. तो मोकळा असेल, मान वर करून बघू शकत असेल, तर रेषा आधीच मागे निघायला हवी. वहीत दोनच रकाने करा, 'मोकळा' आणि 'दाबलेला', आणि प्रत्येक वेळी रेषा कुठे गेली तेवढं लिहा. अर्ध्या तासात तुम्ही पॉज करायच्या आधीच उत्तर सांगायला लागाल. मियामोतो मैदानात तेच करत होता, फक्त त्याच्याकडे पॉजचं बटण नव्हतं.

ही मॅच झाली की पाच दिवस मागे जा. ४ जून, साइतामा, बेल्जियम. मियामोतो सुरुवातीला बाकावर होता. त्या जागी खेळणाऱ्या मोरिओकाला दुखापत झाली म्हणून ७१ व्या मिनिटाला आत आला, आणि ७५ व्या मिनिटाला बॉल याच रेषेच्या डोक्यावरून गेला. बेल्जियमचा वान डेर हेडन मागून पळत आला आणि २-२. त्यानंतर बचावातल्या खेळाडूंनी आपसात बोलून रेषा थोडी मागे ठेवायचं ठरवलं. आता रशियाची मॅच परत लावा. जपानने ती १-० जिंकली, गोल इनामोतोचा. वर्ल्ड कपमधला जपानचा तो पहिला विजय. तुमच्या वहीत 'मोकळा' रकान्यासमोर 'मागे' जास्त वेळा का आलं, ते आता कळेल. मला तर उलट क्रमानेच बघायला आवडतं, आधी उत्तर आणि मग गणित.

पुढची मॅच ३१ जुलै २००४, चोंगचिंग, जॉर्डनविरुद्ध आशिया कपची क्वार्टर फायनल. इथे खेळ पळवला तरी चालेल. १-१ झाल्यावर पेनल्टी शूटआउटला थांबा. जपानच्या पहिल्या दोन पेनल्टी नाकामुरा आणि सांतोसच्या, दोघेही डाव्या पायाचे. दोघांचाही टेकलेला पाय उखडलेल्या गवतावर सरकतो आणि बॉल वरून जातो. इतरांच्या माना खाली. मियामोतो मात्र सरळ रेफरीकडे जातो आणि इंग्रजीत सांगतो की इथली जमीन धड नाही, दुसऱ्या बाजूला घ्या. रेफरी ऐकतात! शूटआउट मध्येच दुसऱ्या गोलकडे हलवलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पुढे गोली कावागुचीने कमाल केली, सातवी पेनल्टी स्वतः मियामोतोने मारली, जपान ४-३ ने जिंकलं आणि पुढे कपही. रेफरीशी बोलताना त्याचे हात बघा. आरडाओरडा नाही, अंगावर जाणं नाही. मी अशा वेळी नेहमी कार्ड खाल्लंय.

शेवटी वाईट दिवस, तो टाळू नका. १२ जून २००६, कायझर्सलाउटर्न, ऑस्ट्रेलिया. आता मुखवटा नाही, ५ नंबर शोधा. ८४ व्या मिनिटापर्यंत जपान १-० पुढे, आणि सामना संपला ३-१ ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाने उंच केनेडीला आणून बॉल वरून टाकायला सुरुवात केली. शेवटची वीस मिनिटं बघताना बचावफळी आणि मिडफिल्ड यांच्यातली रिकामी जागा प्रत्येक पॉजला बोटांनी मोजा. दोन बोटं, मग तीन, मग अख्खा तळवा. पुढचे पुढेच, मागचे मागेच. उंची कमी असलेल्या स्टॉपरला मधल्या फळीने वाऱ्यावर सोडलं की काय होतं, ते इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

पुढच्या मॅचमध्ये मियामोतोच्याच चुकीने क्रोएशियाला पेनल्टी मिळाली, ती कावागुचीने अडवली. त्या मॅचमध्ये मियामोतोला स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्डही मिळालं, आणि त्यामुळे एका मॅचची बंदी. म्हणजे पुढची, २२ जूनची ब्राझीलची मॅच लावाल तेव्हा ५ नंबर शोधत बसू नका. वहीत या वेळी तिसरा रकाना करा, 'हात कोण हलवतंय?'