मागच्या सीट काढताय? या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की मला फोन यायला लागतात. आंबा महिन्यावर आलेला असतो, टेम्पोचं भाडं ऐकून घाम फुटलेला असतो आणि दारात एक जुनी सात सीटची गाडी नुसतीच उभी असते. मागच्या सीट काढल्या, प्लाय टाकलं की घरचा टेम्पो तयार. कल्पना वाईट नाही, मीही तेच केलंय. पण फोन कामाआधी कोणी करत नाही. काम बिघडलं की करतात.

मी मेकॅनिक नाही. पावसजवळ आमची बाग आहे आणि स्वतःची, भावकीतली, शेजारपाजारची धरून पाचएक गाड्यांच्या सीट या हातांनी काढल्यात. त्यातली पहिली मी स्वतःच खराब केली. ती हकीकत पुढे येईलच.

पत्र्याला नवीन भोक पाडणे

या एका चुकीवर मी तासभर बोलू शकतो. घरचे कंटाळलेत, म्हणून इथे लिहितो.

देवगडकडचा माझा एक मामेभाऊ. त्याने सीट काढल्या, प्लाय बेतून घेतलं, गाडीत ठेवलं आणि ड्रिल मशीनने वरून थेट खालपर्यंत भोकं पाडली. प्लाय आणि पत्रा एका दमात. वर बोल्ट, खाली नट, अर्ध्या तासात काम फत्ते. मी फोनवर विचारलं, खाली वाकून बघितलंस का? तर म्हणे, "दादा, काय होवचा नाय."

झालं असं की एका भोकाखाली डिझेलची टाकी होती. ड्रिल पत्र्यातून सुटलं ते थेट टाकीच्या डोक्यात. टाकी तेव्हा पाव भरलेली, त्यामुळे गळती काहीच नाही. थोडा वास आला, तो गाडी जुनी आहे म्हणून सोडून दिला. पुढे पेट्या भरल्या, नांदगावला टाकी फुल केली आणि फोंडा घाट चढायला लागला. चढावर डिझेल मागे सरकलं, टाकीच्या डोक्यावरच्या भोकातून उसळलं आणि बोल्टच्या बाजूने वास सरळ गाडीत. काचा बंद, आत तीस पेट्या. आंबा वास ओढतो आणि पेंढा त्याहून जास्त. कोल्हापुरात व्यापाऱ्याने पहिली पेटी उघडली, नाकाजवळ नेली आणि काही न बोलता झाकण परत लावलं. डिझेल होतं म्हणून आंब्यावर निभावलं. पेट्रोलच्या टाकीत फिरतं ड्रिल घातलं असतं तर हा लेख मी हसत लिहिला नसता.

टाकी नसली तरी पत्र्याखाली काही ना काही असतंच: ब्रेकचा पाइप, डिझेल जाण्या-येण्याच्या नळ्या, वायरिंग, काही गाड्यांत मागच्या एसीचे पाइप. आणि काहीच नसलं तरी भोक ते भोकच. कापलेल्या कडेला रंग राहत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका पावसाळ्यात कड लाल होते, दुसऱ्यात पापुद्रे सुटतात.

मग प्लाय धरायचं कशाने? उत्तर गाडीतच आहे. सीट जिथे बसलेली असते तिथे पत्र्याला आतून जाड पट्टी आणि आटे पाडलेले नट वेल्ड करून दिलेले असतात. बाकीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, पण या जागा माणसासकट सीट धरून ठेवण्यासाठीच केलेल्या. सीट काढली की ती भोकं तुमचीच. प्लायला नेमकी तिथेच भोकं पाडा, तीही प्लाय गाडीबाहेर काढून. बोल्ट जुन्यापेक्षा प्लायच्या जाडीएवढा जास्त लांब घ्या आणि त्याच्या डोक्याखाली मोठा वॉशर घाला. सामान बांधायचे हुकही इथेच लावा.

बोल्ट आणताना जुना बोल्ट खिशात घेऊन दुकानात जा. सीट बेल्टच्या बोल्टला बहुतेक गाड्यांत इंची आटे असतात, सात-सोळांश इंचाचे. दहाचा मिलिमीटर बोल्ट त्यात सैल फिरतो, बाराचा आत शिरत नाही. तरीही पान्याला पाइप लावून बाराचा घुसवणारे वीर मी पाहिलेत. आटे गेले की नटाचा कारभार संपला, आणि तो नट बंद पोकळीत असल्यामुळे बदलायला पत्रा कापावा लागतो.

बोल्ट सुटत नाही म्हणून चिडणे

खाऱ्या वाऱ्यात पंधरा वर्षं बसलेला बोल्ट पाच मिनिटांत सुटणार नाही. गंज काढायचा स्प्रे दोन दिवस आधी, संध्याकाळी मारा. दुसऱ्या संध्याकाळी परत मारा. खालून मारता आला तर उत्तम. मग आधी चिमूटभर घट्ट करायच्या दिशेने फिरवा, "कट्" असा आवाज आला की उलटा. बोल्टचं डोकं चांदणीच्या आकाराचं असेल तर त्याचाच बिट विकत आणा. ॲलन-की ठोकून बसवाल तर डोकं गोल होईल. गॅसने तापवू नका. खाली काय असतं ते वर सांगितलंय.

पाणी आत कोंडणे

ही चूक माझी.

पहिली गाडी केली तेव्हा मला वाटलं, काम कसं टापटीप दिसलं पाहिजे. पत्र्यावर रबरी मॅट, त्यावर मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बिनफटीचं, आणि चारी कडांना सिलिकॉन. बघणारे वाखाणायचे. आंबा संपल्यावर मी त्याच गाडीतून मिरकरवाड्याहून मासळीचे क्रेट आणायला लागलो. बर्फ वितळायचा, पाणी सांडायचं, मी वरून फडकं मारायचो.

दोन पावसाळे गेले. एकदा मागचं चाक बदलताना चाकाच्या कमानीजवळ स्क्रू-ड्रायव्हर सहज टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. प्लाय उचललं. प्लाय ठणठणीत होतं. मरीन प्लाय घेतलं होतं ना! खालचा पत्रा मात्र ओल्या बिस्किटासारखा हाताला लागत होता. बेल्ट जिथे आवळलेला होता ती पट्टीही गेलेली. वेल्डिंगवाल्याने तळाचे दोन तुकडे कापून नवा पत्रा लावला. ते पैसे प्लायच्या कितीतरी पट झाले, आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही.

कारण साधं आहे. पाणी वरून कितीही अडवा, ते बोल्टच्या भोकातून खाली जातंच, आणि सिलिकॉनने तुम्ही त्याची परतीची वाट बंद केलेली असते. त्यात मासळीचं पाणी खारट. मिठाची बरणी पावसात कशी पाझरते, तेच इथे. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे पत्र्यावर एकदा मीठ बसलं की तो चार महिने ओलाच.

आता मी प्लाय पत्र्यावर टेकवतच नाही. खाली बोटभर उंचीच्या पट्ट्या, गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे हवा खेळते आणि पाणी मागे वाहतं. प्लाय दोन तुकड्यांत, चार बोल्ट काढले की एकट्याला उचलता येईल असं. चारी बाजूंना बोटभर फट. प्लायच्या कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात, कारण पाणी तिथूनच शिरतं. तळाच्या पत्र्यात रबरी बुचं असतात, ती हंगाम संपला की काढायची, गोड्या पाण्याने आत धुवायचं, दोन दिवस दारं उघडी टाकून उन्हात ठेवायचं आणि बुचं आठवणीने परत लावायची. न लावल्यास रस्त्याची धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत येतो. धुराचं तर गंभीरपणे घ्या, काचा बंद करून घाट चढणारी गाडी म्हणजे गंमत नव्हे. मासळीला आता खाली प्लास्टिकचा उथळ ट्रे असतोच. नक्षीचा ॲल्युमिनियम पत्रा थेट लोखंडावर रिव्हेट मारून लावायचा मोह होईल, चकचकीत दिसतो. मधे खारं पाणी शिरलं की दोन धातूंचं पटत नाही.

बारीकसारीक

प्लाय कापण्याआधी मागच्या दाराचं माप घ्या. आतली रुंदी जास्त, दाराची कमी. एकाने अखंड फळी कापून आणली आणि ती आठवडाभर खळ्यात उभी होती. क्रेट घेऊन जाऊन चाकांच्या कमानींमधलं अंतरही मोजा.

१२ मिलिमीटर जाडीचं प्लाय पुरतं. १८ ची आठ बाय चारची फळी पस्तीसेक किलो भरते, ते वजन आंब्याला ठेवा. मरीन म्हणून घेताना शिक्क्यावर आयएस ७१० बघा. आयएस ३०३ हे साधं प्लाय.

परदेशातले व्हिडिओ बघून खणांचं कपाट करू नका. पहिल्याच पावसात खण फुगतात आणि दिवाळीपर्यंत उघडत नाहीत.

जागा झाली म्हणजे ताकद वाढली असं नव्हे. पाव किलोचा आंबा धरला तर पाच डझनाच्या पेटीत नुसतं फळच १५ किलो, तीस पेट्यांत साडेचारशे. म्हणजे ७५ किलोची सहा माणसं, तीही सगळी मागच्या चाकांवर. मागच्या स्प्रिंगचे पाटे मुकाट सोसतात म्हणून काहीही लादू नका, आणि टायरची हवा माल भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली तेवढी ठेवा.

सामान बांधाच. जोरात ब्रेक मारला की साडेचारशे किलो माल साडेतीनशे किलोच्या आसपास जोराने पुढे रेटतो आणि पुढे तुमची पाठ असते. प्लास्टिकच्या पट्टीला सुतळी बांधणं म्हणजे बांधणं नव्हे. पुढच्या सीटमागे लोखंडी जाळी, तीही सीटच्याच भोकांत.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीत आरसीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्याबद्दल आहे, आणि आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला कळवा. दुसऱ्याचा माल भाड्याने नेणं हा तर वेगळाच विषय आहे, खाजगी पाटीवर ते करू नका.

याच कारणासाठी सीट विकून टाकू नका. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तपासणीला गाडी न्यायची तर सीट जागच्या जागी हव्यात. त्या गोणपाटात नको, उंदरांना फोम फार आवडतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा. बोल्ट डब्यात, डब्यावर कुठला बोल्ट कुठला ते लिहून. मामेभावाने बोल्ट नीट ठेवलेत. सीट त्याने पडवीत मांडल्या, आणि आता आजोबा रोज दुपारी जेवून तिथेच आडवे होतात. पुढच्या महिन्यात त्याची तपासणी आहे. आजोबांना उठवणार कोण, यावर सध्या घरात बोलणी चालू आहेत.