यूझर ग्रुप चालवायला घेताय? आधी नावांची यादी सांभाळा

यूझर ग्रुप म्हणजे एखादं सॉफ्टवेअर किंवा मशीन वापरणाऱ्यांचा गट. त्याची मीटअप, म्हणजे प्रत्यक्ष भेट, कशी भरवायची, वक्ता कुठून आणायचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी फक्त जिथे ठेच लागली तेवढंच सांगतो.

पुण्यात आमची तिसरी मीटअप होती. एका कंपनीने हॉल दिला, सगळ्यांचं जेवण दिलं. त्यांच्या मार्केटिंगवाल्याने बदल्यात एवढंच सुचवलं, ‘नोंदणीचा फॉर्म आमचा वापरा, तुमचं काम वाचेल.’ मी हो म्हटलं. सोमवारी सकाळपासून आलेल्यांना फोन सुरू झाले. सर्टिफिकेशन घ्या, लायसन्स घ्या, डेमो कधी ठेवू? दुपारी एका मुलीचा मेसेज आला, ‘दादा, मी नंबर तुम्हाला दिला होता.’ मला उत्तर सुचलं नाही. तो मेसेज मी अजून पुसलेला नाही. पुढच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

म्हणून परत परत सांगतो: फॉर्म ज्याच्या खात्यातून निघतो, यादी त्याची होते. फॉर्म तुमच्याच खात्यातून काढा. ‘प्रायोजकाला माझी माहिती द्यावी’ हा चौकोन वेगळा ठेवा आणि रिकामा ठेवा, ज्याला हवं तो टिक करेल. दारातला क्यूआर कोड कोणाचा आहे तेही बघा, यादी तिथूनही जाते. कंपनीला किती जण आले, किती विद्यार्थी, किती नोकरदार, हे आकडे खुशाल द्या. नावं नाहीत. 2023 च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यातही संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती धरली आहे.

‘स्पॉन्सर दुखावू नको’ असं सांगणारे अनुभवी लोक भेटतील. माझ्या मते असा मेंटॉर नसलेला बरा. पहिल्या दोन-तीन मीटअप कॉलेजच्या वर्गात घ्या, चहा वर्गणीतून करा.

पण घाबरून कंपन्यांशी बोलणंच सोडू नका. 1955 साली लॉस एंजेलिस भागात आयबीएम कंपनीच्या 704 या संगणकाच्या ग्राहकांनी ‘शेअर’ हा गट काढला. एकमेकांचे प्रोग्रॅम वाटून घेतले आणि काय हवं ते एकत्रितपणे आयबीएमकडे मागितलं. पुढच्या 709 संगणकासाठी त्यांनी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिमही आखली. कंपनीशी संबंध चांगले होते, तरी गट ग्राहकांचाच राहिला. म्हणूनच 1983 मध्ये आयबीएमने सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, देणं थांबवण्याचं धोरण आणलं, तेव्हा शेअरच्या सभासदांना उघड विरोध करता आला.

आपल्या काळातलं बघा. ऑगस्ट 2023 मध्ये हाशीकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचा खुला परवाना बदलून निर्बंधांचा केला. वापरणाऱ्यांनी जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प काढला आणि पुढच्याच महिन्यात तो लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेला. अशा वेळी ग्रुपचं पान, नाव आणि यादी कंपनीच्याच खात्यात असेल, तर ‘आपण काय वापरायचं?’ ही चर्चा तुम्ही बोलावणार कुठे?

सुरुवातीला नाही म्हणताना जीभ अडखळते, माझीही अडखळायची. दोनदा म्हटलं की जमतं. चांगल्या कंपन्या ऐकतात. आमच्या अटी वाचून दोघांनी नकार दिला, तिसऱ्यांनी हॉलही दिला आणि प्रश्न घ्यायला आपला इंजिनिअरही पाठवला.

फोन नंबर आता आम्ही घेतच नाही. नाव आणि ईमेल, बस. तो मेसेज पाठवणारी मुलगी हल्ली दारात बसून हीच नोंदणी सांभाळते.