जुन्या ट्रायम्फचं तेल गळतंय? पॅकिंग बदलायच्या आधी हे बघा

जुनी ब्रिटिश बाइक म्हणजे गळणारच, असं म्हणून लोक इंजिनाखाली ट्रे सरकवतात आणि मोकळे होतात. मला ते पटत नाही. खालचं सगळं ट्रायम्फच्या ६५० ट्विनबद्दल (६५० सीसी, दोन सिलिंडर) आहे, पण बीएसए, नॉर्टनला पण बरंचसं लागू पडतं.

आधी गळतंय कुठून ते शोधा. रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुवा, पूर्ण वाळू द्या, मग सगळीकडे टाल्कम पावडर मारा आणि दहा-पंधरा मिनिटं चक्कर मारून या. थेंब खाली पडतो पण तेल बरेचदा वर रॉकर बॉक्समधून (इंजिनाच्या माथ्यावरचं, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकरचं झाकण) किंवा पुशरॉड ट्यूबमधून (रॉकरपर्यंत जाणाऱ्या दांड्यांची नळी) सुटलेलं असतं आणि वाऱ्याने मागे पसरत खाली येतं, त्यामुळे पावडर वरून खाली बघत या.

मग तेलाची टाकी. हे इंजिन ड्राय संप आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत, पंपाच्या वर. गाडी काही आठवडे उभी राहिली की तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतं, आणि तुम्ही टाकी रिकामी दिसली म्हणून वरून ओतता, झालं, किक मारली की वाट मिळेल तिथून बाहेर. आधी क्रँककेसच्या खालचा ड्रेन प्लग उघडा. थोडं तेल निघणारच, पण अर्धा लिटर निघालं तर पंप उघडा, आत तेल अडवणारे बॉल असतात, त्यांच्याखाली कचरा असेल तो साफ करा. टाकीच्या पाइपवर बंद करायचा कॉक बसवतात काहीजण. मी नाही बसवणार, एकदा उघडायचा विसरलात की इंजिन जाम.

तिसरी गोष्ट ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट, आणि माझ्या मते अर्धी गळती इथेच असते. या ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात, म्हणजे क्रँककेस हवेचा पंपच झाला. ती हवा बाहेर पडली नाही तर नवीन पॅकिंग पण तेल थोपवू शकत नाही. पाइप चोंदलाय का, कुठे मुडपलाय का बघा. १९७० पासूनच्या मॉडेलमध्ये ही हवा प्रायमरी चेनकेसमधून (इंजिन ते क्लच चेनचं झाकण) जाते, तिथला पाइप तपासा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर प्रेशर वरून खाली येतं, तेव्हा कॉम्प्रेशन पण बघून घ्या. (आपल्याकडच्या जुन्या बुलेटचं मूळ पण इंग्लंडातलं, रेडिचचं, तिच्या ब्रीदरला बदकाच्या चोचीसारखा रबर असतो, तो फाटला की तेच रडगाणं.)

एवढं झालं की मग पॅकिंग. रॉकर बॉक्सचे नट बारीक असतात, कोणीतरी आधी जोर लावून आवळलेले असतात आणि भोकांभोवतीचा धातू वर आलेला असतो. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, थोडं रॉकेल टाका, आणि बॉक्स आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवा, सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत. स्क्रूड्रायव्हर घालून जोड उचकटू नका, ती खाच आयुष्यभर गळते. पाने नटाला नीट बसणारे इंची मापाचे घ्या, जुन्या मॉडेलला व्हिटवर्थचे (जुनं इंग्लिश माप), १९६० च्या दशकाच्या शेवटानंतरच्या बऱ्याच नटांना एएफचे (नटाच्या रुंदीवरून इंचात); मिलिमीटरचे पाने नट गोल करतात.

सीलंट अगदी पातळ, न वाळणाऱ्या जातीचं. सिलिकॉन ढिगाने लावलं की आत पिळून निघालेले तुकडे सुटतात आणि तेलाच्या वाटेत अडकतात. तांब्याचं वॉशर परत वापरायचं असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, मऊ होतं. हेड गॅस्केटची (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं पॅकिंग) जाडी बदलली असेल तर पुशरॉड ट्यूबच्या रबर रिंगा नीट दाबल्या जातात का तेही बघा, कमी दाबल्या तर गळतात, जास्त दाबल्या तर हेडच बसत नाही.

नट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा. एकदा गाडी गरम करून पूर्ण थंड होऊ द्या आणि परत एकदा नट आवळून बघा. हेडचे बोल्ट परत आवळले की टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बदलतो, तो पण सेट करा, इंजिन थंड असतानाच.